वरचा एक डॉलर

प्रिय इंदूमावशी,

काल टॅक्सची पुस्तिका आली. दरवर्षी नाताळ उरकला की पोस्टमन ती दारात टाकून जातो आणि दरवर्षी ती दोन महिने फ्रिजवर पडून राहते. एकदा तूच म्हणाली होतीस, "उचल ते बाड, नाहीतर त्याच्यावर मेथी निवडीन." या वर्षी मात्र मी ती उभ्याउभ्याच उघडली. फॉर्म बदललाय हे ऑफिसात आधीच कानावर आलं होतं.

आईबाप दोघंही नोकरी करत असतील तर मुलं सांभाळण्याच्या खर्चावर करात सूट मिळते, त्या कागदावर नवी ओळ आली आहे. मुलं ज्यानं सांभाळली त्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि सोशल सिक्युरिटी नंबर. इतकी वर्षं नुसता आकडा टाकला तरी चालत होतं. आता माणूसही दाखवावा लागतो.

रोहन या वर्षी एप्रिलपर्यंत तुझ्याकडे होता. म्हणजे तिथे तुझं नाव येणार. पेन उघडलं, 'इंदुमती' लिहिलं आणि हात थांबला. तू जाऊन आठ महिने झाले. तुझ्या हयातीत जे सांगायला हवं होतं ते आता या पत्रात सांगतेय. रागावणार असलीस तर रागाव, तो तुझा हक्कच आहे.

आठवतं, अदितीला तुझ्याकडे पहिल्यांदा घेऊन आले तो दिवस? सहा महिन्यांची होती. माझी रजा संपली होती, श्रीकांतचं संशोधन संपायचं नाव घेत नव्हतं, आणि ॲन आर्बरमधली पाळणाघरं जे पैसे मागत होती त्यात माझा निम्मा पगार गेला असता. कुणीतरी म्हणालं, बसस्टॉपच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये एक इंदूमावशी राहतात. विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात साडेपाच वर्षं काम करत होत्या, गुडघ्यांनी दगा दिला म्हणून घरी असतात. विचारून बघ.

मी "तुम्ही" म्हणून सुरुवात केली तर तू म्हणालीस, "मावशीला कोणी अहो-जाहो करतं का?" आणि अदितीला माझ्या हातून घेऊन आत गेलीससुद्धा! मी दारात बूट घालूनच उभी.

महिन्याअखेरीस मी शंभर डॉलरचा चेक पुढे केला. तुझा चेहरा असा झाला, जसं मी तुला भांडी घासायला सांगितली. "चेक? मी काय दुकान काढलंय? पोर सांभाळायचे पैसे घेऊ मी?" चेक माझ्या पर्समध्ये परत कोंबलास.

पण तुला पैशांची गरज होती. भावानं तुला या देशात आणलं आणि तो टेक्ससला निघून गेला. यजमान तिकडेच, सोलापुरात, मागेच वारलेले. लेक मेधा लग्न होऊन सांता क्लाराला. साठवलेल्या पैशांतून भाडं किती दिवस जाणार होतं?

म्हणून मी शक्कल लढवली. पांढरं पाकीट घेतलं, कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं, वर 'अदितीकडून आजीला' आणि महिना लिहिला, आत शंभर डॉलर रोख आणि वर एक डॉलर. एकशे एक! आहेर झाला. आहेराला नाही कसं म्हणणार? तू पाकीट कपाळाला लावलंस आणि देवापुढे ठेवलंस. मला माझ्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की तुझ्याकडे मुलं ठेवणाऱ्या बाकीच्या दोघी आयांनाही मीच हे शिकवलं. पुढे रोहन झाल्यावर तीन घरांतून चार पाकिटं, दर महिन्याला, प्रत्येकावर कुंकू आणि प्रत्येकात वरचा एक डॉलर.

आता ऐक. त्याच वर्षी टॅक्सचा फॉर्म भरताना मी मुलं सांभाळण्याच्या खर्चाच्या रकान्यात बाराशे लिहिले आणि सूट घेतली. पुढच्या वर्षीही घेतली. दरवर्षी घेतली. म्हणजे तुझ्याकडे आले की आहेर आणि सरकारकडे गेले की खर्च! एकाच पाकिटाला दोन तोंडं. आणि मी कोण? युनिव्हर्सिटीच्या पगार-विभागात बसून दिवसभर दुसऱ्यांच्या पगारातली सोशल सिक्युरिटीची, म्हणजे सरकारी पेन्शनची, कपात तपासणारी बाई. मला कळत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

एकदा तू विचारलंही होतंस. लसूण सोलत होतीस, अदिती तुझ्या पायाशी डबे वाजवत होती. "काय गं नीला, तुम्ही दोघं नोकऱ्या करता, तर पोरं सांभाळायच्या खर्चात सरकार काही सूट देत नाही का?"

मी म्हणाले, "काय की गं. टॅक्सचं सगळं श्रीकांत बघतो."

श्रीकांतला आपल्या घराचा टॅक्स फॉर्म कुठल्या रंगाचा असतो हे आजही माहीत नाही.

का खोटं बोलले? सूट म्हटलं असतं तर पगार म्हणावं लागलं असतं. पगार म्हटलं असतं तर तू पोर परत केलं असतंस, किंवा शंभराचे दोनशे मागितले असतेस. दोन्हींची मला भीती होती. आज लिहिताना यातलं दुसरं कारण जास्त खरं वाटतंय.

मग तुझी पासष्टी आली. मेधानं फोनवर धोशा लावला होता, "आई, आता एकटी राहू नकोस. इकडे ये." जावई सज्जन आहे, हे तूही म्हणायचीस. पण लगेच पुढे, "जावयाच्या घरी चार दिवस पाहुणी म्हणून बरं. पाचव्या दिवशी मी माझ्याच घरात बरी." तुझं घर म्हणजे ती दीड खोली. खिडकीत तुळस, कोपऱ्यात चार उशा, भिंतीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा. ते राखायचं तर पेन्शन हवी होती, आणि म्हातारपणचा सरकारी विमा, मेडिकेअर, हवा होता. विमा विकतही मिळत होता, पण हप्ता जवळजवळ तुझ्या भाड्याएवढा. तो भरला असता तर भाड्याला काय उरलं असतं?

ऑक्टोबरात आपण दोघी बसनं सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात गेलो. तू काठापदराची साडी, त्यावर माझा जुना कोट आणि पायात बर्फाचे बूट, बर्फ पडायला महिना होता तरी! खिडकीमागची बाई पोक्त होती, चष्म्याला साखळी लावलेली. तिनं तुझा नंबर मशीनमध्ये घातला आणि सांगितलं: तुमच्या जन्मसालाला तेहतीस तिमाह्या कामाच्या लागतात. वर्षाला जास्तीत जास्त चार. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरातल्या बावीस आहेत. अकरा कमी पडतात.

तू मला मराठीत म्हणालीस, "विचार तिला, अकरांचे पैसे मी एकदम भरते म्हणावं. बँकेत आहेत माझ्या."

ती बाई हसली नाही, हे मला आवडलं. शांतपणे म्हणाली, तसं विकत घेता येत नाही. आपल्या मनानं पैसे भरून तिमाही मिळत नाही. आधी काम हवं, त्याची कमाई हवी, आणि त्या कमाईवर टॅक्स भरलेला हवा. "आफ्टर द किचन, डिड यू वर्क?"

"यस. चिल्ड्रन. फोर चिल्ड्रन, एव्हरी डे," तू म्हणालीस.

"अँड दे पेड यू?"

"गिव्ह. एव्हरी मंथ."

"वॉज इट पे, ऑर वॉज इट अ गिफ्ट?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी माझ्या पर्सच्या बंदाकडे.

"गिफ्ट," तू म्हणालीस. बाईनं पेन खाली ठेवलं.

परतीच्या बसमध्ये तू दोनदा विचारलंस, "मी खरं तेच बोलले ना गं?" खरंच होतं ते. तुला आम्ही जे सांगितलं होतं तेच तू सांगितलंस. अकरा तिमाह्या त्या एका शब्दात गेल्या आणि तो शब्द तुझ्या तोंडी मी घातला होता.

त्या संध्याकाळी तुझ्या ओट्याशी उभी राहून मी अर्धं सांगितलं. म्हटलं, मावशी, ते आहेर नव्हते, कामाचे पैसे होते. स्वतःच्या घरी मुलं सांभाळणं हा तुझा धंदाच झाला. त्याचा टॅक्स तू स्वतः भरायचा होतास. मागचं भरता येतं, पण फक्त तीन वर्षं, तीन महिने आणि पंधरा दिवसांपर्यंतचं. त्याआधीचं पेन्शनच्या हिशेबात घेत नाहीत.

"म्हणजे मी इतकी वर्षं सरकारचा कर बुडवला?"

मला वाटलं होतं तू पेन्शनचं विचारशील. तू आधी हे विचारलंस! हातातली पळी खाली ठेवलीस आणि स्टुलावर बसलीस. "यांनी उभ्या जन्मात घरपट्टी एक दिवस उशिरा भरली नाही. आणि मी..." मग म्हणालीस, "तुला माहीत होतं?"

मी म्हणाले, "माझ्या लक्षात नाही आलं गं."

हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा मोठं.

तीन वर्षांचे फॉर्म मी भरले, आकडे तू तपासलेस. कर, त्यावरचं व्याज, त्यावरचा दंड. मी म्हटलं आम्ही तिघी वाटून घेतो. तू म्हणालीस, "माझ्या कामाचा कर मी भरणार." मेधानं चेक पाठवला तर तिलाही हेच, वर "जावयाच्या पैशानं तर नाहीच नाही." बँकेतून स्वतः काढलेस. पासबुकात काय उरलं ते मी पाहिलं होतं. तेव्हाही गप्प बसले.

तीन वर्षांच्या बारा तिमाह्या. अकराच हव्या होत्या! पण पासष्टीला टेकलेली बाई एकदम तीन वर्षांचे फॉर्म पाठवते म्हटल्यावर ऑफिसनं परत बोलावलं. काम खरोखर होतं का, काही नोंद आहे का?

तू पिशवीतून बटर कुकीजचा तो निळा डबा काढलास आणि काउंटरवर ठेवलास. मी पाहतच राहिले. त्यात सगळी पाकिटं होती. कुंकू लावलेलं पाकीट केरात कसं टाकायचं, म्हणून तू एकही टाकलं नव्हतंस! अदिती, समीर, चिन्मयी, रोहन. प्रत्येकाची वेगळी चळत, रबर लावून, महिन्यांच्या क्रमानं. बाईनं एक उघडलं. आत एक डॉलरची नोट. दुसरं उघडलं, एक डॉलर. तिसरंही तसंच.

"व्हाय इज देअर अ डॉलर इन एव्हरी वन?"

तू मला म्हणालीस, "सांग तिला. शंभर कामाचे, ते खर्चले. वरचा एक प्रेमाचा, तो ठेवला."

मी सांगितलं. बाई म्हणाली, पण मागच्या वेळी तुम्ही गिफ्ट म्हणालात. मग काय खरं?

तेव्हाचं तुझं उत्तर मी शब्दाला शब्द इंग्रजीत केलं, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नीट भाषांतर. "चार पोरांना दिवसभर सांभाळणं हे कामच. ते मी प्रेमानं केलं, तो माझा प्रश्न."

बाईनं चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे वळली. तुम्ही पालकांपैकी आहात ना? तुमच्याकडे या पैशांची काही लेखी नोंद?

माझ्या घरच्या कपाटात माझ्या टॅक्स फॉर्मच्या प्रती होत्या. प्रत्येकीवर बाराशे, रोहन झाल्यावर चोवीसशे, माझ्या हस्ताक्षरात. मी म्हणाले, "आय कॅन राइट अ लेटर." आणि तिन्ही घरांनी पत्रं लिहिली. पाकिटं आणि पत्रं मिळून काम झालं. माझं कपाट उघडावं लागलं नाही.

मेडिकेअरचं कार्ड आलं तेव्हा तू श्रीखंड केलंस. पेन्शन लहानच होती. सुरुवातीची वर्षंही धरली गेली असती तर जरा मोठी झाली असती. किती, ते मला दहा मिनिटांत काढता येईल. अजून काढलेलं नाही.

त्या दिवशी वाटी माझ्या हातात देताना तू म्हणालीस, "नीला, आता तरी तुझ्या फॉर्मवर माझं नाव लिही की."

मी हसले, काही न कळल्यासारखी. तू माझ्या वाटीत आणखी एक चमचा वाढलास.

तुला केव्हापासून माहीत होतं गं? समीरच्या आईनं सांगितलं? की लसूण सोलत विचारलंस तेव्हाही माहीतच होतं, आणि मी काय म्हणते ते बघत होतीस? माहीत होतं तर भांडली का नाहीस? एकदा तरी भांडायचंस! मी कबूल झाले असते. झाले असते ना? तुलाच विचारते, कारण माझं मला सांगता येत नाही.

तुझं नाव लिहायला तेव्हा काहीच अडचण नव्हती. फॉर्मवर ओळ नव्हती, पण कागद जोडता आला असता. तू सांगितलंस तेव्हा लिहिलं नाही. आज सरकारनं सांगितलं म्हणून लिहितेय. याची मला लाज वाटते, मावशी.

तरी दीड वर्ष तू तुझ्या दीड खोलीत राहिलीस. स्वतःच्या किल्लीनं दार उघडलंस. एप्रिलमध्ये छातीत दुखलं तेव्हा हॉस्पिटलात पहिल्यांदा ते कार्डच पुढे केलंस, म्हणे "आय हॅव मेडिकेअर," अगदी नर्सच्या नाकासमोर! चार दिवसच लागले. बिल बहुतेक मेडिकेअरनंच भरलं. मेधानं खोली आवरली, तुळस आमच्याकडे दिली आणि डबाही. म्हणाली, "ही पाकिटं तुमच्याच मुलांची."

काल मी तुझा नंबर फॉर्मवर उतरवत होते तर रोहन टेबलाशी आला. "इज दॅट आजीज नंबर? कॅन वी कॉल हर?" मी म्हटलं, हा फोनचा नाही रे. "देन व्हॉट इज इट फॉर?" म्हटलं, आजीनं किती काम केलं ते यात लिहिलेलं असतं. तो विचार करून म्हणाला, "ऑल ऑफ इट?"

सगळं नाही. सुरुवातीची वर्षं त्यात कधीच यायची नाहीत, आणि या वर्षीचे चार महिने राहिलेत. रोहन आणि चिन्मयी, दोघांचे मिळून आठशे. तू नाहीस म्हणून तो फॉर्म कोणी भरलेला नाही. श्रीकांत म्हणाला, "अगं, त्या गेल्या. आता कर भरून कुणाला काय मिळणार आहे? कोण विचारणारेय?" बरोबर आहे त्याचं. पेन्शन बंद झाली, मेधाला त्यातून काही मिळायचं नाही, तिमाही वाढली काय आणि न वाढली काय. कोणी विचारणारही नाही.

तुला मात्र विचारावंसं वाटलं असतं. "म्हणजे मी सरकारचा कर बुडवला?"

म्हणून सांगते, तुझा शेवटचा फॉर्म मी भरणार आहे. सहीसाठी सांता क्लाराला पाठवीन. मेधाला फोनवर सगळं सांगितलं, कपाटासकट. ती म्हणाली, "पाठव." मुलांच्या दूध-बिस्किटांचा खर्च वजा केला तर कर शंभर डॉलरच्या आसपास येतो. तो मी भरीन, चेकनं. या वेळी चेक तू परत कोंबू शकत नाहीस!

आणि रोहन हल्ली ज्यांच्याकडे जातो त्या बाईंनाही महिन्याला चेकच देते. नाव, नंबर पहिल्या दिवशी विचारून घेतला, आणि त्यांना टॅक्सचं समजावून सांगितलं. त्यांनी दर वाढवून मागितला. दिला.

सरकारच्या चेकवर मी वरचा एक डॉलर घालणार नाही, सरकारला कोणी आहेर करत नाही. तो मी पांढऱ्या पाकिटात घालीन, कोपऱ्याला कुंकू लावीन, वर 'रोहनकडून आजीला' आणि 'एप्रिल' लिहीन. एप्रिलचे शंभर तुला नुसतेच दिले होते, पाकीट द्यायचं राहिलंच होतं ना? रोहनच्या चळतीचं रबर सोडवून मी ते सगळ्यात खाली ठेवीन.

तुझी,
नीला